‘जडत्वा’तला जड भारी नव्हे, गारठलेला

प्रश्न असा आहे. आठवीतल्या मुलीनं चाचणीत लिहिलं, ‘जड वस्तूला जडत्व असते, हलक्या वस्तूला नसते’, आणि तिचा गुण गेला. आई विचारते, जड म्हणजे भारी, मग मुलीचं चुकलं कुठे? शिवाय बल आणि जोर एकच का?

जडत्व म्हणजे इनर्शिया: थांबलेली वस्तू थांबलेली आणि चाललेली वस्तू चालतीच राहू पाहते, हा तिचा गुण. मुलीचं चुकलं, पण तिला बोल लावणार नाही. बोल लावायचा तो शिकवणीच्या व्हिडिओंतून ‘जडत्व म्हणजे जडपणा’ असं ठोकून देणाऱ्यांना. पुढच्या वाक्यात हेच लोक सांगतात, ‘जडत्वाच्या बलामुळे प्रवासी पुढे फेकला जातो.’ हे ऐकून ऐकून कान किटले. एसटीनं करकचून ब्रेक लावला तर उभ्या प्रवाशाला मागून कोणीही ढकलत नसतं. पाय गाडीबरोबर थांबतात, धड आधीच्याच वेगानं पुढे जाऊ पाहतं, एवढंच. न्यूटननं १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त ‘व्हिस इनर्शिये’, म्हणजे जडत्वाचं बल, असा शब्द वापरला हे खरं. पण ते त्याच्या लेखी वस्तूच्या अंगचं होतं, बाहेरून लागणारं निराळं. शाळेत आपण बल म्हणतो ते बाहेरून लागणारं. दोन्हीला एकच शब्द लावला की मुलं गोंधळणारच.

आता जड. जड सामान, पचायला जड हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडू. अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश, उघडा. थंड या अर्थाचे सात शब्द तिथे ओळीनं दिले आहेत: सुषीम, शिशिर, जड, तुषार, शीतल, शीत, हिम. शिशिर आणि तुषार यांच्या मध्ये आपला जड बसला आहे! संस्कृतात जड म्हणजे गार, गारठलेला, म्हणून बधिर, म्हणून न हलणारा, म्हणून मंदबुद्धी. वजनाचा इथे संबंधच नाही. हिंदीत हिवाळ्याला ‘जाडा’ म्हणतात तो याच कुळातला.

पौषातल्या पहाटे टाकीच्या पाण्यात भांडी घासून पाहा. दहा मिनिटांनी कुकरची शिट्टी चिमटीत धरता येत नाही. आपण म्हणतो, बोटं जड झाली. बोटांचं वजन गुंजभरही वाढलेलं नसतं, ती हलायला तयार नसतात. निरोप घेताना पाय जड होतात, झोपेनं डोळे जड होतात, आजाऱ्याची जीभ जड होते. यातलं काहीही तराजूत घालायचं नाही. आहे त्या अवस्थेतून हलायला नकार, हा जुना अर्थ मराठीनं रोजच्या बोलण्यात जपून ठेवला आहे. शास्त्रातल्या जडत्वाला नेमका तोच हवा.

आपला ‘जाड’सुद्धा मुळात याच ‘जाड्या’तून, म्हणजे गारठ्यातून आला, असं मी मानतो. थंडीत खोबरेलाची बाटली उलटी धरा. तेल गार झालं, थिजून दाट झालं आणि जागचं हलत नाही. जड आणि जाड एकाच बाटलीत! यावर काहीजण मान हलवतात. हलवोत. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं, की जड हा ‘जडणे’तून निघाला: जीव जडला, व्यसन जडलं, कोंदणात हिरा जडवला, जडलेलं हलत नाही म्हणून ते जड. ऐकायला गोड आहे, पण जडणे म्हणजे जोडणे, बसवणे. त्यातून ‘थंड’ कसा निघाला? अमरकोशातला अर्थ गिळून टाकल्याशिवाय ही व्युत्पत्ती उभी राहत नाही, आणि ते तो खुशाल गिळतात.

या शब्दाचं खरं वैभव भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. राजा रहूगणाच्या पालखीला एक भोई कमी पडला, म्हणून वाटेत भेटलेल्या जडभरताला, म्हणजे मंदबुद्धीसारखा वागणाऱ्या एका ज्ञानी पुरुषाला, जुंपलं. पायाखाली जीवजंतू येऊ नये म्हणून तो जमीन बघून पाऊल टाकी, बाकीचे भोई आपल्या चालीनं चालत. पालखी हिंदकळायला लागली आणि राजा भडकला. बघा, खांद्याला जड नावाचा माणूस, आणि आत बसलेल्या राजाला जडत्वाचा धडा! पालखी थबकली की राजाचं अंग पुढे जाणार, ती पुढे झाली की अंग मागे पडणार. शिक्षकांनी बसच्या जोडीला ही पालखीही फळ्यावर काढावी.

जडत्व हा शब्दच काढा आणि ‘निष्क्रियता’ घाला, अशी एक सूचना अधूनमधून येते. मला ती मुळीच मान्य नाही. रसायनशास्त्रात ‘निष्क्रिय वायू’ आधीच ठाण मांडून आहेत. आणि सुसाट धावणाऱ्या चेंडूला निष्क्रिय कोणत्या तोंडानं म्हणायचं? गतीचं जडत्व म्हणताना शब्द थोडा ताणला जातो, हे कबूल. पण लॅटिन ‘इनर्शिया’चंही तेच आहे. त्याचा मूळ अर्थ आळस. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं तो न हलण्यापुरता घेतला, न्यूटननं गतीलाही लावला. तिकडे आळशी, इकडे गारठलेला. आपली निवड जास्त नेमकी आहे.

तर मुलीचं उत्तर. पहिला अर्धा भाग बरोबर, दुसरा चूक. वस्तुमान, म्हणजे वस्तूतलं द्रव्य, जास्त तर जडत्व जास्त, पण हलक्या वस्तूलाही ते असतंच. पेल्यावर पोस्टकार्ड, त्यावर रुपयाचं नाणं ठेवून कार्डाला टिचकी मारायला सांगा. कार्ड उडतं, नाणं पेल्यात पडतं. हल्लीचं हे नाणं चार ग्रॅमही भरत नाही. चंद्रावर त्याचं वजन एक षष्ठांश होईल, जडत्व मात्र इथल्याइतकंच.

राहिलं बल आणि जोर. जोर फारसीतून आला. पावसाला जोर असतो, तालमीत जोर काढतात. त्याला माप नाही आणि दिशाही लागत नाही. बलाला दोन्ही लागतात आणि ते ‘न्यूटन’ या एककात मोजतात. उत्तरपत्रिकेत बलच लिहायचं.