वाचकांचे प्रश्न : पीव्ही देऊन रेक्टिफायर घ्यावा का?

प्रश्न : माझ्याकडे गिटारचं पीव्ही ६५०५+ हेड (स्पीकर नसलेला ट्यूब अँप) आहे आणि दोन व्हिन्टेज ३० स्पीकरांची १६ ओहमची २×१२ कॅब (स्पीकरची पेटी). मुंबईतला एकजण तीन चॅनेलचा मेसा ड्युअल रेक्टिफायर बदल्यात द्यायला तयार आहे, वर पैसे मागत नाही. अँप अमेरिकेतून आलेला, १२० व्होल्टचा. आम्ही ड्रॉप सीमध्ये (तारा उतरवून, सर्वांत जाड तार सी सुरात) वाजवतो आणि बँडमधला दुसरा गिटारिस्टही ६५०५च वापरतो. दोन तक्रारी आहेत : सगळे वाजायला लागले की माझी गिटार ऐकूच येत नाही, आणि क्लीन (न फाटलेला) आवाज पातळ लागतो. सौदा करावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या दोन तक्रारींची औषधं वेगवेगळी आहेत. क्लीनसाठी अदलाबदल पटण्यासारखी आहे. ६५०५+ च्या ऱ्हिदम चॅनेलवर क्रंचचा स्विच बंद केला तरी गेन (सुरुवातीच्या टप्प्यातलं वर्धन) थोडा वाढवताच आवाज फाटायला लागतो, आणि कमी ठेवला तर तुम्ही म्हणता तसा पातळ होतो. रेक्टिफायरच्या पहिल्या चॅनेलला याहून बरीच जास्त मोकळीक आहे.

गिटार ऐकू न येण्याचं मात्र रेक्टिफायरने आपोआप भागणार नाही, उलट वाढू शकतं. त्याचा स्वभाव खालून रुंद आणि मधे खोलगट. घरी एकट्याने वाजवताना हाच आवाज भव्य वाटतो, पण बँडमध्ये खालची बाजू बास आणि किक ड्रम घेतात, वरची झांजा घेतात आणि गिटारच्या वाट्याला काही उरत नाही. ६५०५ मिडमध्ये (मधल्या सुरांत) करकरीत आहे, म्हणून तो सहसा दबत नाही. तुमचा दबतोय याचं कारण बहुधा शेजारीच उभं आहे : दोन गिटारी, एकच अँप आणि जवळपास सारखीच सेटिंग असेल, तर दोघं एकाच जागेसाठी भांडत असता.

म्हणून आधी फुकटचा उपाय करून बघा. लीड चॅनेलचा प्री गेन ४ वर आणा, मिड ६-७, लो ४, रेझोनन्स (खालच्या सुरांचा भारदस्तपणा) ३ आणि प्रेझेन्स (वरच्या सुरांची धार) ५ च्या आसपास. सहकाऱ्याला मिड ४ वर आणि प्रेझेन्स थोडा जास्त ठेवायला सांगा. गेन कमी केल्यावर एकट्याने वाजवताना आवाज कोरडा वाटेल. तो बँडमध्ये ऐका, हात लगेच परत वर नेऊ नका. कॅब जमिनीवर असेल तर कानाच्या उंचीला आणा. गुडघ्यांवर आदळणाऱ्या आवाजातले हाय (वरचे सूर) तुम्हाला ऐकूच येत नाहीत, मग तुम्ही ते वाढवता आणि समोरच्यांचे कान सोलून निघतात. तीन-चार तालमींनंतरही गिटार हरवत असेल तर पुढचं वाचा.

दोन गिटारींचे दोन वेगळे अँप, एक करकरीत आणि एक रुंद, हे जुनं आणि खात्रीचं समीकरण आहे. रेक्टिफायर घ्यायचं खरं कारण हेच. पण तो ड्रॉप सीला आवरावा लागतो. मॉडर्न मोडमध्ये पॉवर अँपमधला (शेवटच्या टप्प्यातला) निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आवाज आवरणारी उलटी जोडणी, काढलेला असतो, त्यामुळे खालचे सूर सैल पडतात आणि प्रेझेन्स फार तीक्ष्ण होतो. बास घड्याळाच्या ९-१० वर, प्रेझेन्सही घड्याळाच्या १० च्या आत आणि रेक्टिफायरचा (आतल्या एसीचं डीसी करणाऱ्या भागाचा) स्विच ट्यूबऐवजी डायोडवर. समोर ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा : ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मधे. तो साधारण ७२० हर्ट्झखालचा भाग प्रीअँपमध्ये (अँपच्या पहिल्या टप्प्यात) जाण्याआधीच हलका करतो, म्हणून पाम-म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेले सूर) घट्ट वाजतात. पेडल न लावता रेक्टिफायर वाजवून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. गंमत म्हणजे दोन्ही अँपांच्या प्रीअँपची वंशावळ सोल्डानो एसएलओ-१०० या अँपपर्यंत पोचते. कुठेही जा, पळसाला पानं तीनच!

तुलना करताना दोन्ही हेड तुमच्याच कॅबवर लावा, गिटार आणि केबलही एकच. फोनवरच्या डेसिबल मीटरने दोघांचा आवाज सारखा करा. दोन डेसिबल जास्त असलेला अँप नेहमीच चांगला वाटतो आणि निम्मे चुकीचे सौदे इथेच होतात. कॅब बदलताना हेड स्टँडबायवर ठेवा. ट्यूब अँप स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ओहमही जुळवा : हेडचं आउटपुट कॅबइतक्याच ओहमचं निवडा.

मुंबईचा अँप म्हणजे दमट हवा खाल्लेला अँप. प्रत्येक नॉब फिरवा; खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने भागतं. आवाज मधेच खाली जात असेल तर इफेक्ट लूपच्या (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या) सेंड-रिटर्न जॅकमध्ये छोटी केबल लावा. तेवढ्याने बरा झाला तर जॅकवर गंज आहे, खर्च किरकोळ. प्रीअँप ट्यूबवर पेन्सिलने टिचकी मारा. टण्‌ असा घंटीसारखा सूर निघाला तर ती ट्यूब बदलायची. मग अर्धा तास मोठ्याने वाजवा आणि दिवे घालवून मागून बघा. ६एल६ या पॉवर ट्यूबच्या आतली प्लेट लालसर तापत असेल तर सौदा तिथेच थांबवा. अँप मात्र उघडू नका : प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. दोन्ही अँपांना बायसचा (पॉवर ट्यूबमधला करंट ठरवणारा) नॉब नाही, म्हणून ६एल६ नेहमी चारही जुळवलेल्या घ्याव्या लागतात. रेक्टिफायरला वर दोन ५यू४ रेक्टिफायर ट्यूबही लागतात, तेव्हा ट्यूबांचा खर्च त्याचाच जास्त.

आता १२० व्होल्ट. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर निदान ७५० व्हीएचा हवा, १००० चा असेल तर निश्चिंत. दोन पिनांचा स्वस्त डबा घेऊ नका. त्यात अर्थिंग तुटतं, आणि बिघाड झाला तर गिटारच्या तारांत करंट येऊ शकतो. तीन पिनांचा, अर्थ सलग जाणाराच घ्या. शिवाय २३० चे १२० करणारा डबा घरात २४५ आले की १२८ देतो. मग हीटरचे (ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्ट ६.७ होतात आणि ट्यूबांचं आयुष्य घटतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अँपचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आधीच जरा जास्त तापतो. हा डबा प्रत्येक कार्यक्रमाला उचलून न्यायचा आहे, हेही हिशेबात धरा. तुमचा पीव्ही २३० व्होल्टचा असेल तर इथल्या बाजारात तो विकायला सोपा. बिनपैशाची अदलाबदल दिसते तितकी बरोबरीची नाही. स्टेपडाउनची किंमत तरी समोरच्याकडून मागा.

सेटिंग बदलून काम झालं, तर पीव्ही ठेवा. क्लीन खरोखरच अडत असेल आणि सहकारी ६५०५ सोडणार नसेल, तरच मुंबईला जा.

प्रश्न : १०० वॅटच्या हेडमधल्या दोन पॉवर ट्यूब काढल्या तर फ्लॅटमध्ये वाजवता येईल का?

उत्तर : चारांपैकी बाहेरची जोडी किंवा आतली जोडी काढता येते, एका बाजूच्या दोन नाही. मग कॅब १६ ओहमची असेल तर अँप ८ वर लावायचा, ८ ची असेल तर ४ वर. पण १०० चे ५० वॅट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला निम्मा वाटायला १० वॅटपर्यंत यावं लागतं, आणि तोही फ्लॅटसाठी जास्तच. शेजारी सांभाळायचे तर रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी अँपची ताकद झेलणारा डबा) आणि हेडफोन.