पत्रिकेवरचं आर.एस.व्ही.पी.

प्रश्न : मुलीच्या रिसेप्शनच्या इंग्रजी पत्रिकेवर ‘प्लीज आर.एस.व्ही.पी.’ छापणार आहोत. बरोबर आहे ना?

उत्तर : ‘प्लीज’ काढा. ही चार अक्षरं ‘रेपोंदे सिल वू प्ले’ या फ्रेंच वाक्याची आहेत. ‘रेपोंदे’ म्हणजे उत्तर द्या आणि ‘सिल वू प्ले’ म्हणजे कृपया. शब्दशः ‘आपल्याला आवडत असेल तर’. विनंती त्यात आधीच आहे, वर आणखी ‘प्लीज’ म्हणजे पिवळा पीतांबर. इंग्रजीत हे आता क्रियापदासारखंही वापरतात, ‘मी कालच आर.एस.व्ही.पी. केलं’ असं. त्यामुळे बोलताना किंवा मेसेजमध्ये ‘प्लीज’ आलं तर मी हरकत घेणार नाही. छापील पत्रिकेवर मात्र नको.

यातला ‘वू’ मला फार आवडतो. फ्रेंचमध्ये जवळच्या माणसाला ‘त्यू’ आणि आदराने ‘वू’, अगदी आपल्या तू-तुम्हीसारखं. इंग्रजीतल्या ‘यू’ला आज हा भेद दाखवता येत नाही. या उसन्या अक्षरांमधून ती अदब इंग्रजी पत्रिकेत येते.

प्रश्न : त्याखाली काका, मामा, आत्या अशी सगळ्यांची नावं छापायची असतात का?

उत्तर : नाही. उत्तर कोणाला द्यायचं, ते नाव तिथे हवं. घरच्यांचा मान ठेवायलाच हवा, पण त्यासाठी ‘निमंत्रक’ किंवा ‘आपले स्नेहांकित’ आहे. आर.एस.व्ही.पी.खाली एक नाव, एक फोन नंबर आणि कळवण्याची शेवटची तारीख द्या. केटररला पानं किती, ते आधीच सांगावं लागतं, म्हणून तारीख विसरू नका.

प्रश्न : ‘रिग्रेट्स ओन्ली’ म्हणजे?

उत्तर : येऊ शकणार नसाल तरच कळवा. गप्प राहिलात, तर तुम्ही येणार असं यजमान धरून चालतात. नुसतं आर.एस.व्ही.पी. असेल, तर होकारही कळवायचा आणि नकारही.

प्रश्न : मराठी पत्रिकेत काय लिहावं?

उत्तर : हिंदी पत्रिकांवर ‘उत्तरापेक्षी’ असतं. आपल्या ‘अगत्य येण्याचे करावे’मध्ये आग्रह आहे, उत्तराची मागणी नाही. ती करायची असेल तर सरळ लिहा : ‘आपण येणार की नाही, आणि किती जण, हे अमुक तारखेपर्यंत कृपया कळवावे.’ ‘किती जण’ गाळू नका. पत्रिका एका नावाने जाते, पण जेवायला सगळं घर येतं.