ई-टाइप बघायला जाण्याआधी

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले फोटो सावकाश बघितले. १९६३ ची जॅग्वार ई-टाइप स्पोर्ट्स कार, ३.८ लिटर इंजिनची, रंग कारखान्यातला, सीटचं लेदर मूळचं. विकणारा म्हणतो, गाडीचं कधीच रिस्टोरेशन झालेलं नाही, म्हणजे खोलून, रंगवून पुन्हा नव्यासारखी केलेली नाही. म्हणू दे. त्यासाठी तो जी जादा किंमत मागतोय, ती खरी ठरते का एवढंच तुला बघायचंय.

जादा किंमत मागण्यात तसं गैर काही नाही. ई-टाइपचा जवळपास प्रत्येक भाग आज नवा मिळतो, त्यामुळे चकचकीत गाडी पैसे टाकून कधीही उभी करता येते. कव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेनवर, जॅग्वारच्या कारखान्यात, तेव्हा चढलेला रंग मात्र एकदा खरवडला की गेला. पूर्वी अशा हात न लागलेल्या गाड्यांना लोक नाकं मुरडायचे. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोच्च मान रिस्टोअर न केलेल्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. जतन केलेल्या गाडीला तो तिथं पहिल्यांदाच मिळाला. वारं फिरलंय, आणि ते विकणाऱ्यांनाही कळलंय.

म्हणून आधी कागद. जॅग्वारच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचं प्रमाणपत्र माग. कारखान्याच्या नोंदीतले चेसी (गाडीचा सांगाडा), इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीचे नंबर, मूळ रंग, आतल्या ट्रिमचा (सीट, अस्तर वगैरेचा) रंग, सगळं त्यात असतं. मग टॉर्च घे. इंजिनचा नंबर ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो आणि तोच सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला. दोन्ही जुळले पाहिजेत.

खरा वेळ घालव तो चेसी नंबरवर. या गाडीची मधली-मागची बॉडी मोनोकॉक, म्हणजे पत्र्याचं कवचच भार पेलतं, आणि पुढे इंजिन पेलणारी नळ्यांची फ्रेम बोल्टांनी जोडलेली. नंबर त्या फ्रेमवरच, उजव्या डँपरच्या (धक्के शोषणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरच्या) वर. आता गंमत बघ. या नळ्या आतून गंजतात, वरून काही दिसत नाही. अनेक गाड्यांच्या फ्रेम त्यापायी बदलल्या गेल्या. जुन्या फ्रेमबरोबर मूळ नंबर गेला आणि नवीवर कुणीतरी तो पुन्हा ठोकला. आकड्यांची ओळ सरळ आहे का, खोली सारखी आहे का, आजूबाजूला घासल्याच्या खुणा आहेत का, हे बघ. बदललेली फ्रेम म्हणजे वाईट गाडी नव्हे, उलट चालवायला ती बरीच. पण मग ‘हात न लागलेली’ म्हणून पैसे मोजायचे नाहीत. नळीवर वेल्डिंगचं ठिगळ दिसलं, तर तिथूनच परत फिर.

पत्र्यावर तू चुंबक फिरवशीलच. कुठल्या सांध्यावर ते चिकटलं नाही, की लगेच पुट्टी भरली असं धरू नकोस. सांध्यांवर कारखान्यातच शिसं भरायचे. मोठ्या सपाट पत्र्यावर चुंबक सुटलं तर मात्र विकणाऱ्याला विचार.

मग झीज. ओडोमीटर कमी दाखवतोय, तर पेडलचं रबर, स्टीअरिंगची लाकडी कड आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची शिवण तेच सांगतायत का? एकच गोष्ट नवी आणि बाकी सगळं जुनं असेल, तर ती का बदलली ते विचार.

इंजिन गार ठेवायला आदल्या दिवशीच बजाव. गेल्या गेल्या बॉनेटखाली हात लावून बघ. गरम लागलं तर काहीतरी लपवलंय. चालवताना पहिल्या गिअरचा घरघराट ऐकून दचकू नकोस, त्याचे दाते सरळ कापलेले असतात, तो तसाच असतो; त्याला सिंक्रोमेशही (गिअर अलगद गुंतवणारी सोय) नाही. दुसऱ्यात टाकताना करकर झाली तर खर्च आहे. मागचे डिस्क ब्रेक चाकांत नसून डिफरन्शियलला (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) चिकटून असतात. तिथलं सील गळलं की तेल थेट ब्रेकवर, आणि दुरुस्तीला सहसा मागची अख्खी असेंब्ली खाली उतरवावी लागते. खाली झोपून बघ, कपड्यांची काळजी करू नकोस.

घेतलीसच, तर टायर, ब्रेकचे पाइप आणि पेट्रोलचे रबरी पाइप बिनदिक्कत बदल. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं. काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेव. पॉलिशवाल्याला मात्र गाडीच्या जवळ फिरकू देऊ नकोस. तो रंग आधीच पातळ झालाय.

चेसी नंबरचा फोटो पाठव, तिरप्या उजेडात काढलेला. तो बघेपर्यंत इसार देऊ नकोस.

कळावे.