दिवसभर थुंकी गिळल्याची जाणीव होत राहते, डॉक्टर ओसीडी म्हणतात. ही जाणीव घालवायची कशी?

भाऊ, तुम्ही शहाद्याचे, मी भुसावळचा, म्हणजे गाववालेच. सात महिने तुमचं गिळण्यावरचं लक्ष हटत नाही, आता श्वासावरही अडकायला लागलंय, घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहून काही नाही म्हटलं, मानसोपचारवाल्यांनी ओसीडी सांगितलं, म्हणजे नको तो विचार डोक्यात अडकून तेच तेच करायला लावणारा आजार. वर घरी लग्नाचं बघणं सुरू. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवतो. पण या गिळण्याच्या भानगडीत २०१७ पासून आहे, म्हणून लिहितो.

माझं सुरू झालं ते भरीत पार्टीत. डिसेंबरचा महिना, शेतात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजलेली, बडजीत कुटलेली, सोबत कळण्याच्या पुऱ्या. एक घास जरा अडकल्यासारखा झाला आणि डोक्यात आलं, आपण गिळतो तरी कसं? बस, एवढंच. घरी येईपर्यंत प्रत्येक गिळणं मोजत होतो. जागेपणी माणूस साधारण मिनिटाला एकदा तरी थुंकी गिळतो. तो हिशेब कोणी ठेवत नाही. मी ठेवायला लागलो.

पुढचे आठ-नऊ महिने तुमच्यासारखेच गेले. दुर्बीण दोनदा, थायरॉइडची तपासणी, पित्ताच्या गोळ्या. अमळनेरची आजी 'काय व्हयनं रे तुले?' म्हणत मीठ-मिरची उतरवून टाकायची. पाण्याची बाटली हातातून सुटेना, खिशात कायम लवंगा. वर्गात फळ्याकडे तोंड करून गिळायचो, पोरांना दिसू नये म्हणून. रात्री बायकोला विचारायचो, 'माझा घसा वेगळा दिसतो का गं?' ती 'नाही' म्हणाली की दहा मिनिटं बरं वाटायचं. दहाच.

आता तुमचा प्रश्न. 'जाणीव घालवायची कशी', यातच गोम आहे. माझं लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. जंक्शनच ते, रात्रभर गाड्या, इंजिनांचे भोंगे, खिडकीची तावदानं थरथरायची. आम्ही ढाराढूर. मामा पाहुणे आले की त्यांचा डोळा लागायचा नाही. कानात कापसाचे बोळे घालायचे, उशी डोक्यावर घ्यायचे आणि गाडी गेली की पुढच्या गाडीची वाट बघत पडून राहायचे. गाडीपेक्षा ही वाट बघणंच त्यांना जागं ठेवायचं. पुढे नोकरीसाठी ते सहा महिने आमच्याकडे राहिले. महिन्याभरात आमच्यासारखेच घोरायला लागले. गाड्या तेवढ्याच होत्या.

तुम्ही सध्या मामांच्या पहिल्या रात्रीत आहात. 'गेली का जाणीव?' असं बघितलं की ती असणारच, कारण बघायला घशाकडेच जावं लागतं. गिळणं, श्वास, पापणी ही कामं शरीर आपोआप करतं, पण लक्ष दिलं की ती आपल्या हातात आल्यासारखी वाटतात. त्यातून 'मी विसरलो तर श्वास थांबेल' अशी भीती बसते. थांबत नाही. झोपेत कोण लक्ष ठेवतं?

मला उपयोग झाला तो ज्या पद्धतीचा, तिला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. भीतीला मुद्दाम सामोरं जायचं आणि नंतरचा तोडगा, म्हणजे भीती शमवायला आपण जे करतो ते, करायचा नाही. (मास्तर असल्यामुळे पद्धत कुणाची हे विचारल्याशिवाय मला राहवेना. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरच्या अशा उपचाराबद्दल लिहिलं, तिथून ही सुरू झाली.) हात धुणाऱ्याला हात न धुता बसवतात, हे समजण्यासारखं आहे. गिळणाऱ्याचं काय करणार? गिळणं तर बंद करता येत नाही. तेव्हा माझ्यावर उपचार करणाऱ्या मॅडमनी माझ्याकडून तोडग्यांची यादी करून घेतली: बाटली, लवंग, मोजणं, आरशात घसा बघणं, बायकोला विचारणं, मोबाईलवर शोधणं. आजार तिथे होता, घशात नव्हता.

मग एकेक काढत गेलो. आधी पस्तीस मिनिटांच्या तासाला बाटली स्टाफरूममध्ये ठेवायची. सहकाऱ्यांना वाटलं, मास्तरांनी कडक उपास धरला. (हे हिवाळ्यात केलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तहान लागली की पाणी प्यायचंच, तो तोडगा नव्हे.) मग हजेरीपटावर लाल टिकली चिकटवली. ती दिसली की मुद्दाम गिळणं जाणवून घ्यायचं, मनात म्हणायचं, 'आयुष्यभर राहील कदाचित, राहू दे', आणि पुढचं गणित घ्यायचं. पहिले दहा-बारा दिवस अक्षरशः घाम फुटायचा. 'राहू दे' हे 'असं म्हटलं की जाईल' या आशेने म्हणायचो, तोही तोडगाच निघाला. मॅडमनी तिथेच पकडलं.

लक्ष दुसरीकडे वळवा, हा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील. मला तो कधीच लागू पडला नाही. श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान चांगलंच असेल, पण तुमचा श्वासच अडकलाय, तर उपचार करणाऱ्यांना विचारूनच करा.

गोळ्यांबद्दल: मलाही दिल्या होत्या. फरक पडायला आठ ते बारा आठवडे जातात, हे आधी कळलं नसतं तर पंधराव्या दिवशी फेकून दिल्या असत्या. सुरुवातीला मळमळ झाली, म्हणजे लक्ष ठेवायला आणखी एक गोष्ट! स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. आणि घास खरोखर उतरत नसेल, वजन घटत असेल तर घशाचे डॉक्टर पुन्हा गाठा. नुसती शंका आली म्हणून तिसरी दुर्बीण नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी हवी असेल. काहींचं लक्ष नको त्या जागी अडकतं, देवळात, चारचौघांत तिथे काहीतरी जाणवतं आणि माणूस लाजेने अर्धा होतो. नुसतं लक्ष आणि भीती यांनीही शरीर प्रतिसाद देतं. जाणवलं म्हणजे इच्छा आहे असं नाही. डॉक्टरांना हे सांगा, त्यांनी ऐकलेलं असतं.

असे उपचार करणारे आपल्याकडे तालुक्याला सहज सापडत नाहीत, हे खरं. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार ओपीडीची चौकशी करा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आज माझी जाणीव गेली का? हे लिहिताना चांगली जोरात आहे, विषयच तो. काल दिवसभरात होती का, ते आठवत नाही.

लग्नाचं: मुलीला सांगा, दोघंच बोलत असाल तेव्हा. बैठकीत बारा माणसांपुढे नको. माझं लग्न आधीच झालेलं, घशाचं विचारायचो पण खरं कारण मी दीड वर्ष लपवलं. शेवटी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, 'अहो, मला वाटायचं माझ्या हातचं जेवण तुमच्या घशाखाली उतरत नाही.'