मूत्राच्या प्रवाहातही ई. कोलाय जीवाणू मूत्राशयाला चिकटून कसा राहतो?

याचे उत्तर त्याच्या पृष्ठभागावरील केसांसारख्या तंतूंच्या, म्हणजे पिलींच्या, रचनेत आहे. सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा हा तंतू ‘फिमए’ प्रथिनाच्या असंख्य प्रतींच्या सर्पिल वेटोळ्यांनी बनलेला असून त्याच्या टोकाला ‘फिमएच’ हे चिकटणारे प्रथिन असते. फिमएचचा एक भाग तंतूशी जोडलेला असतो, तर दुसरा मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज शर्करेला आपल्या खोबणीत पकडतो. खरी गंमत पुढे आहे. प्रवाहाचा ताण पडला की हे दोन भाग एकमेकांपासून दूर सरकतात आणि पकड सुटण्याऐवजी, आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट, अधिकच घट्ट होते; शिवाय वेटोळी उलगडून तंतू लांबतो व धक्का सोसतो. ही खोबणी आधीच अडवून ठेवणारी मॅनोजसदृश संयुगे औषध म्हणून अभ्यासली गेली आहेत.