अलिबाग ते मालवण सागरी मार्गाने: तुमच्या आखणीतला हर्णैचा दिवस

तुमची आखणी दोनदा वाचली. डिसेंबरच्या अखेरीस, सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन, स्वतःच्या गाडीने चार दिवसांत अलिबाग ते मालवण. पहिल्या दिवशी जंजिरा पाहून हर्णैला मुक्काम आणि ‘जमल्यास त्याच संध्याकाळी सुवर्णदुर्ग’, म्हणजे हर्णैसमोरच्या समुद्रातला किल्ला, मग विजयदुर्ग आणि शेवटी सिंधुदुर्ग. ‘जमल्यास त्याच संध्याकाळी’ या शब्दांपाशी मी थांबलो, कारण काही वर्षांपूर्वी माझ्या वहीतही हेच शब्द होते. म्हणून राहण्या-जेवणाच्या गोष्टी इतरांवर सोडून मी फक्त त्या एका दिवसाबद्दल सविस्तर लिहितो.

नकाशावर हा रस्ता सरळ दक्षिणेला जातो असे वाटते, परंतु तो वाटेत चार ठिकाणी पाण्यापाशी संपतो. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत, म्हणजे इकडे जिला जंगलजेटी म्हणतात तिच्यात, चढवावी लागते. बोट मिळाली तर पलीकडचा किनारा काही मिनिटांवर असतो, आणि न मिळाली तर खाडीच्या कडेकडेने पूल सापडेपर्यंत आत जाऊन, घाटवळणांनी पुन्हा समुद्राकडे यावे लागते. फोनवरचा नकाशा तुम्हाला जे तास दाखवतो, त्यात बोटीची वाट पाहणे आणि नाताळच्या सुट्टीत धक्क्यावर लागणारी गाड्यांची रांग धरलेली नसते.

माझी चूक अशी झाली, की बोट चालू आहे की नाही हे मी धक्क्यावरच्या माणसाला न विचारता एका कार्यालयाला विचारले. त्या कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही, खाडीचेही नाही, कारण बोट चालवणाऱ्यांचा त्यात काहीही दोष नव्हता. प्रवाशांना माहिती देणे हेच ज्याचे काम, त्या कार्यालयाने मला निघण्याआधी दोन वेळा, दुसऱ्यांदा तर आदल्याच दिवशी, ‘सेवा नियमित सुरू आहे’ असे सांगितले. प्रत्यक्षात धक्क्याच्या दुरुस्तीसाठी बोट चार दिवसांपासून बंद होती. उतारावर दोन पिंपे आडवी ठेवून दोरी बांधलेली होती आणि दोरीला लावलेल्या पुठ्ठ्यावर खडूने ‘बंद’ लिहिलेले होते. धक्क्याजवळच्या चहावाल्याला हे चार दिवस ठाऊक होते, पण त्या कार्यालयाला नव्हते. मी तिथूनच फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, की हा विषय त्यांच्याकडे येत नाही. मग तो कोणाकडे येतो, हे नंतर पाठवलेल्या तीन पत्रांनंतरही मला कळलेले नाही. ज्याला माहीत नाही त्याने ‘माहीत नाही’ असे सांगितले असते, तर मी सकाळीच दुसऱ्या वाटेने निघालो असतो. याचा राग माझ्या मनात आजही आहे.

खाडीला वळसा घालून हर्णैला पोहोचलो तेव्हा पूर्ण अंधार पडला होता. बरोबर असलेले माझे वडील इतिहासाचे शिक्षक. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि पुढच्याच वर्षी, १७५६ मध्ये, वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला व आंग्र्यांचे आरमार जाळले, आणि या दोन्ही वेळी पेशवे तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात इंग्रजांच्या बाजूला होते, हा धडा त्यांनी तीसएक वर्षे वर्गात शिकवला होता. शिकवताना दरवेळी आपला आवाज बदलत असे, असे ते सांगत. सुवर्णदुर्ग त्यांना एकदा पायांनी चालून पाहायचा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही आरामात आवरून दहाच्या पुढे किनाऱ्यावर गेलो, तोवर वारा सुटला होता. होडीच्या तांडेलाने एकदा पाण्याकडे आणि एकदा वडिलांच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि नकार दिला. त्याचे बरोबरच होते, कारण सुवर्णदुर्गाला उतरायला धक्का नाही आणि हलत्या होडीच्या काठावरून पाय टाकून पाण्यात उतरावे लागते. संध्याकाळपर्यंत वडील किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर, दीपगृहाजवळच्या दगडावर, समोरच्या तटबंदीकडे पाहत बसून होते. त्यानंतर त्यांचे गुडघे आणखी बिघडले आणि होडीत चढणे कायमचेच बंद झाले.

म्हणून माझे ठाम मत आहे, की जंजिरा आणि सुवर्णदुर्ग एका दिवसात बसवू नका, बसत असले तरी बसवू नका. पाण्यातला किल्ला नेहमी सकाळी आणि जमिनीवरचा दुपारी, हा या किनाऱ्याचा क्रम आहे. हिवाळ्यात रात्रभर आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तेव्हा किनाऱ्यालगतचे पाणी शांत असते. ऊन चढले की वारा समुद्राकडून फिरतो आणि पाणी चढू लागते. सकाळी सात वाजता जो तांडेल हसत होडी काढतो, तोच अकरा वाजता नाही म्हणतो.

दुसरी गोष्ट भरतीची. त्यासाठी घरातले भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. माझ्या अनुभवात सुवर्णदुर्गाला भरतीच्या सुमारास होडी पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, बरीच जवळ जाते, आणि ओहोटीला खडक उघडे पडल्याने अलीकडेच उतरून शेवाळलेल्या दगडांवरून चालावे लागते, जे वयस्क माणसांना अजिबात झेपत नाही. त्यामुळे एकादशी किंवा द्वादशीच्या आसपासची सकाळ मिळाली तर भरती आणि मतलई वारा या दोन्ही गोष्टी एकत्र साधतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीकडचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, शांत असतो, हेही ध्यानात ठेवा, परंतु अष्टमीची सकाळची भरती सहाला असते म्हणजे उजाडताच निघावे लागेल. मी कोळी नाही, हा हिशेब पाच-सहा फेऱ्यांत विचारून शिकलेला आहे. शेवटचा शब्द तांडेलाचाच समजा, आणि तो नाही म्हणाला तर जास्त पैसे देऊ करून त्याला भरीस घालू नका.

वडिलांशिवाय मी पुन्हा एकदा हर्णैला गेलो आणि सकाळी साडेसातला सुवर्णदुर्गावर उतरलो. महादरवाजाच्या पायरीवर एक कासव कोरलेले आहे. त्याच्या पाठीचा दगड पावलांनी इतका गुळगुळीत झाला आहे, की कडेच्या पायांची रेघ बोटाने चाचपावी लागते. दरवाजाजवळच्या तटावर मारुती आहे. आत गेल्यावर मात्र झुडपे, ढासळलेली जोती आणि पाण्याची टाकी एवढेच उरले आहे. पहारेकरी नाही, माहिती सांगणारे कोणी नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तुमच्या यादीतले तीन आहेत. मान्यतेचा आनंद मलाही झाला, परंतु किनाऱ्यावर दिवसाच्या भरती-ओहोटीची वेळ लिहिलेला एक फळा आणि वयस्कांना उतरता येईल असा एक साधा धक्का यांची गरज त्या मान्यतेइतकीच मोठी आहे, असे मला मनापासून वाटते.

चारच दिवस असतील तर मी मालवण सोडून देईन. हे अनेकांना पटणार नाही. सिंधुदुर्ग अपूर्वच आहे, पण नाताळात मालवणच्या धक्क्यावरची गर्दी आईवडिलांना थकवील, आणि तो किल्ला एखाद्या साध्या आठवड्यात स्वतंत्रपणे पाहावा एवढ्या तोलाचा आहे. त्याऐवजी दोन रात्री हर्णैला राहा, म्हणजे पहिली सकाळ वाऱ्याने घालवली तरी दुसरी हाताशी उरते. शेवट विजयदुर्गावर करा. तिथे आता जमिनीवरून चालत जाता येते, होडी लागत नाही, आणि तिहेरी तटबंदीच्या आतून सावकाश फिरता येते. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आपली दुर्बीण घेऊन याच ठिकाणी आले होते. वडिलांना विज्ञानाची आवड असेल तर हे त्यांना जरूर सांगा. रत्नागिरीहून पुढे जाताना घाई नसेल तर कशेळीचे कनकादित्याचे देऊळ आणि त्याच गावच्या सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचे, हत्तीचे कातळशिल्प पाहून घ्या. जांभ्यावर खोदलेला तो हत्ती दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात नीट दिसत नाही, कलत्या उन्हात रेघा उठून दिसतात.

प्रत्येक फेरीबोटीच्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी थेट धक्क्यावर चौकशी करा. तुम्ही जिथे मुक्काम केला असेल त्या घरमालकांना विचारले, तर बोटीवरच्या माणसाचा नंबर त्यांच्याकडे बहुधा असतोच. बोट चालू आहे का, एवढेच विचारून थांबू नका. शेवटची फेरी किती वाजता आणि गाड्या किती आहेत, हेही विचारा. आणि वडिलांच्या पायात मागे पट्टा असलेल्या, पाण्यात न निसटणाऱ्या चपला असू द्या, कारण सुवर्णदुर्गाला उतरताना पहिला पाय वाळूवर पडेल की शेवाळावर, हे होडीतून दिसत नाही.