धुळ्यात वारसाने आलेल्या .३७५ रायफलवर कोणता स्कोप लावू आणि कसा बसवू?

१ ते ४ पट मोठं दाखवणारा हलका स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घ्या, पण डोळा मागे किमान १० सेंटीमीटर ठेवूनही पूर्ण चित्र दिसत असेल तरच. या बोअरचा (नळीच्या मापाचा) धक्का एवढा असतो की जवळ टेकलेला स्कोप भुवई फोडतो. बार होताना रायफल मागे येते, स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणजे त्याला धरणाऱ्या रिंगांमधून पुढे सरकतो. म्हणून पोलादी रिंगा वापरा, माउंट (रिंगांचा तळ) रायफलवरच्या रेलच्या खाचेत पुढे रेटूनच आवळा, स्क्रूवरचं तेल आधी पुसा. टॉर्क-पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) हवाच, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. रिसीव्हरला (नळीमागच्या मुख्य धातूच्या भागाला) स्क्रूची भोकं नसतील तर ती परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच पाडून घ्या. मात्र हे सगळं नेमबाजीच्या रेंजपुरतंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सातपुड्यात शिकारीला बंदी आहे.